काळ्या माळावरच्या मेंढ्या

माळ पेटवला तो सहलीला आलेल्या कुणीतरी. सॉसेज भाजले, निखारे तसेच टाकले आणि घरी गेले. वरचा वणवा विझला तरी खालची कुजक्या मुळांची माती धुमसतच राहिली. चादरी, पाव, चहा, सगळ्याला धुराचा वास. जमिनीवर घरटी करणारी पाखरं पिलांसकट गेली. लांब चोचीची एक मादी तेवढी रोज संध्याकाळी जळल्या जागेवर घिरट्या घालून ओरडायची. मला तिचा रागच यायचा. पुरे कर ना बाई, वाटायचं.

मेंढ्या वाचल्या. विल्फने, माझ्या नवऱ्याने, त्या धुरातून हाकत घराशेजारच्या कुरणात आणल्या. पण एवढंसं कुरण तेवढ्या तोंडांना किती दिवस पुरणार?

"विकून टाकू," मी म्हटलं. "माळ हिरवा झाला की दुसऱ्या घेऊ."

"दुसऱ्यांना हद्द कोण शिकवणार? तू?"

आमच्या माळाला कुंपण नाही. कुठवर चरायचं ते मेंढी आपल्या कोकराला शिकवते, ते कोकरू पुढे आपल्या कोकराला. विल्फच्या आजोबांच्याही आधीपासून असंच चाललंय. कळप गेला की हद्द गेली, विकत आणलेल्या मेंढ्या कुठल्या कुठे भटकतात. हे मला का ठाऊक नव्हतं? पण मी थकले होते, आणि धुराने विल्फची छाती अशी धरली होती की जिना चढतानाही मध्येच बसायचा.

"कर तुला हवं ते," शेवटी तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

ट्रक आला त्या सकाळी कुरण रिकामं, फाटक सताड उघडं.

"गेल्या असतील हिरव्याच्या वासाने," ट्रकवाला सटक्लिफ म्हणाला. "आण शोधून. मी आहे चहा पीत."

आमच्या कुत्रीला घेऊन वर माळावर गेले. ओढ्यापलीकडचा शेजाऱ्याचा माळ जळला नव्हता. हिरवागार होता, आणि हद्दीचा ओढा तर कोरडा. मला वाटलं, तिकडेच असतील. नव्हत्या. सगळ्या आमच्या राखेत उभ्या होत्या, तोंडं काळी, खायला काडी नाही. एक कोकरू ओढा ओलांडून गवताला तोंड लावणार, तोच त्याची म्हातारी आई राखेतून ओरडली. कोकरू थबकलं, परत आलं आणि तिच्या आटलेल्या आचळांना ढुशा देऊ लागलं.

मी तिथेच राखेत बसून रडले. फार दिवसांचं होतं ते.

खाली आले तर सटक्लिफ म्हणाला, "कुठायत?"

"आपल्या जागी. तू जा."

"मग मी काय हवा भरून नेऊ?"

तो बडबडत गेला. विल्फ दारात उभा होता.

"फाटकाची कडी तू काढलीस?" मी विचारलं.

"गंजलीय ती."

"वसंतात नवी बसवलीय मी."

तो खोकत राहिला. मग म्हणाला, "चारा रोज वर न्यावा लागेल. हिवाळ्यासाठी साठवलेलं गवत आत्ताच संपेल."

"संपू दे," मी म्हटलं. "ट्रॅक्टरची किल्ली दे."