हरणाबाईंचा मोडका तराजू

मी एक जुना तराजू आहे. बेंबळीत हरणाबाईंच्या किराणा दुकानात, माळ्यावर, फुटक्या बरण्या आणि रिकाम्या पोत्यांच्या मधे पडून असतो. मित्रांनो, तो तराजू मोडका आहे असं गावात तुम्हाला कुणीही सांगेल. पण आधी माझं ऐकून घ्या आणि मग काय ते ठरवा.

माझी दांडी लोखंडाची आणि पारडी पितळेची. एका म्हाताऱ्या कारागिराने मला घडवलं. दांडी ठोकून सरळ करायला त्याला फार वेळ लागला नाही, पण दोन्ही बाजू सारख्या व्हाव्यात म्हणून तो कानस घेऊन दिवसभर बसला होता. इकडून जरा घासायचं, टांगून बघायचं, पुन्हा तिकडून घासायचं. शेवटी माझा काटा मधोमध उभा राहिला तेव्हा त्याने मान डोलावली आणि चहा प्यायला निघून गेला. माझं कौतुक तेवढंच झालं, पण मला ते पुष्कळ दिवस पुरलं.

धाराशिवच्या बाजारातून मला श्रीमंत घेऊन आले. श्रीमंत म्हणजे हरणाबाईंचे मालक. नाव श्रीमंत, पण नवराबायको दोघंही तेव्हा लोकांच्या रानात मजुरीला जायचे. घराची पुढची खोली मोकळी करून त्यांनी दुकान थाटलं. दोन-चार डबे, साखरेचं पोतं आणि आढ्याच्या हुकाला मी, एवढाच काय तो थाट. पहिल्याच दिवशी श्रीमंतांनी बायकोला शिकवलं.

"हे बग, काटा मधी थांबला की माप पुरं झालं. पन आपुन तितं थांबायचं न्हाय. मालाचं पारडं जरा खाली जाऊ द्यायचं."

"आन आपलं नुसकान?"

"मानूस परत आलं की समदं भरून निगतं."

आणि माणसं परत येत. दिवसभर खुरपून दमलेल्या बाया दिवेलागणीला दुकानापुढे उभ्या राहत. त्यांना लागायचं ते थोडंथोडंच, एका दिवसापुरतं. मूठभर डाळ, छटाकभर साखर, चहापूड. मोठे दुकानदार एवढ्याशा मालासाठी हात हलवत नाहीत. हरणाबाई मात्र शेरभर घेणाऱ्यासाठी आणि छटाकभर घेणाऱ्यासाठी सारख्याच उठत. शेजारच्या आळीतल्या कमलबाई तर हटकून शेवटी येत आणि माझ्याकडे डोळे लावून म्हणत, "आजून जरा झुकू द्या की वो, हरणाबाई!" मग हरणाबाई हसत आणखी एक चिमूट टाकत. मी आनंदाने झुकत असे. खरं सांगतो, त्या चिमटीचा मला फार अभिमान होता.

काही दुकानदार पारड्याच्या खालून चिंचेचा गोळा चिकटवतात, म्हणजे माल कमी असूनही पारडं खाली जातं. हरणाबाई रोज सकाळी माझी पारडी उलटी करून सगळ्यांसमोर पुसत. लक्ष्मीपूजनाला मला चिंच-राखेने लख्ख घासत, हळदीकुंकू वाहत आणि माझ्यापुढे दिवा लावत. श्रीमंत वारले त्या वर्षीही त्यांनी पूजा चुकवली नाही. बाईमाणसाच्याने दुकान चालत नाही, असं तेव्हा गावातल्या शहाण्यांचं म्हणणं पडलं होतं. पण दिवेलागणीच्या बाया येतच राहिल्या आणि शहाणे गप्प बसले.

मग एक दिवस मोटारसायकलवरून रुद्रेश आला. एका कंपनीचा माणूस. इस्त्रीचा शर्ट, गोड जीभ. आल्याआल्या त्याने हरणाबाईंच्या पायांना हात लावला.

"मावशी, गरिबाला मोठं पाकीट परवडत नाही, म्हणून आमची कंपनी लहान पुडी काढते. चहा, तेल, मसाला, सगळं पुडीत. मोजायची कटकट नाही, सांडलवंड नाही. गावात तुमच्या शब्दाला किंमत आहे. तुम्ही फक्त हो म्हणा. आजपासून तुम्ही दुकानदार नाही, उद्योजक."

उद्योजक! हरणाबाई दोन दिवस तो शब्द घोळवत होत्या. अर्धं आयुष्य लोकांच्या रानात वाकलेल्या बाईला कंपनीने धाराशिवला बोलावून, फेटा बांधून टाळ्या वाजवल्या, तर ती हुरळणार नाही तर काय करणार? मला त्यांचा राग आला नाही. उलट रुद्रेशने जेव्हा सांगितलं, "मावशी, फोटोत तो तराजू हातात धरा," तेव्हा मीच जास्त हुरळलो. दुकानावर भलामोठा फलक लागला. हसऱ्या हरणाबाई, हातात मी आणि खाली अक्षरं, 'हरणाबाईंचा भरवसा'. ते बघायला अख्खी बेंबळी लोटली होती.

सुटा माल हळूहळू बंद झाला. चहापुडीच्या माळा दारात लटकू लागल्या. पुड्यांना माझं काय काम? पण मी हुकाला होतो, दिसत होतो, आणि फलकावरही होतो. म्हातारपणी माणसाला आणखी काय हवं, अशी मी मनाची समजूत घातली. कोपऱ्यात कंपनीचा फ्रिज आला. जास्त पुड्या विकल्याचं ते बक्षीस होतं. त्या वर्षी लक्ष्मीपूजनाचं हळदीकुंकू फ्रिजला लागलं. मी वाट पाहिली, पण माझ्याकडे कुणी आलं नाही.

कुरकुर पहिल्यांदा कमलबाईंनी केली. "हरणाबाई, पुडीत दोन येळंचा चा व्हायचा. आता एकाच येळंला संपती की वो."

"पूड लई टाकीत आसाल."

"न्हाय वो. हात तर त्योच हाय."

हरणाबाईंनी ते हसण्यावारी नेलं. पण पुढच्या दिवाळीची साफसफाई करताना साखरेच्या डब्यामागे एक जुनी चहापुडी सापडली. कधीतरी माळेतून गळून पडली असावी. हरणाबाईंनी ती हातात घेतली, मग दारातली नवी पुडी दुसऱ्या हातात घेतली. रंग तोच, चित्र तेच, किंमतही तीच. भर दुपारी त्यांनी दुकानाचं दार लोटून घेतलं आणि कितीतरी दिवसांनी माझ्याजवळ आल्या.

एका पारड्यात जुनी पुडी, दुसऱ्यात नवी. वजनांची गरजच पडली नाही. जुनी पुडी खाली गेली आणि नवी वर लटकत राहिली. हरणाबाईंनी पुड्यांची अदलाबदल केली. तरी तेच.

मग त्यांनी काय केलं असेल? त्यांनी माझी पारडी उलटी केली आणि खालून बोट फिरवलं. चिंच आहे का ते पाहायला! मित्रांनो, इतकी वर्षं जी पारडी त्यांनी स्वतःच्या हातांनी पुसली, त्यांच्यावरच त्यांचा पहिला संशय गेला. ते बोट मला अजून आठवतं. पारडी स्वच्छ होती. 

रुद्रेश आला तेव्हा त्यांनी दोन्ही पुड्या त्याच्यापुढे धरल्या. तो जराही गडबडला नाही.

"मावशी, माल महागला की भाव वाढवण्यापेक्षा वजन कमी करतात. पुडीच्या मागं छापलंय की. सगळं कायद्यात बसतं."

"एवढी बारीक अक्षरं कोन वाचतंय?"

"मग तुम्ही तरी कशाला वाचता? हे बघा, गावात बोभाटा झाला तर कंपनी दुसरं दुकान बघेल. फलक जाईल, फ्रिज जाईल. पुन्हा खुरपं हातात घ्यायचं वय आहे का तुमचं?"

हरणाबाईंनी दोन्ही पुड्या उचलून साखरेच्या डब्यामागे ठेवल्या. त्यांचं उत्तर मला दुसऱ्या दिवशी कळलं.

दिवेलागणीला कमलबाई आल्या. मागे आणखी चार-पाच बाया होत्या. कमलबाईंनी घरून एक जुनी पुडी आणली होती. लेकीच्या घरी न्यायला घेतलेली, ती पेटीत तशीच राहिली होती म्हणे. "हरणाबाई, ही आन तुमची नवी पुडी तराजूत घाला बगू. मंजी मला येडीला तरी कळंल."

मी काटा सावरून तयार झालो. आता सगळ्यांसमोर खरं कळेल, मग माझे जुने दिवस परत येतील, असं मला वाटलं. हरणाबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"आवो, त्यो कवाच मोडलाय," त्या म्हणाल्या. "काटा सरळ ऱ्हात न्हाय. हुकाला नुसता शोभंला ठिवलाय."

मला वाटलं, कमलबाई भांडतील. निदान एकदा घालून बघू, असं तरी म्हणतील. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वरच्या फलकाकडे पाहिलं आणि मान हलवली.

"तुमी म्हनता मंजी मोडलाच आसंल. तुमी कशाला खोटं बोलताव?"

आणि त्यांनी नवी पुडी घेतली. बाकीच्या बायांनीही घेतल्या.

मित्रांनो, कमलबाईंचा तो विश्वास आकाशातून पडला नव्हता. चिमूट चिमूट करून, रोज संध्याकाळी झुकून झुकून, तो आम्ही दोघांनी मिळवला होता. त्याच विश्वासाच्या जोरावर मला मोडका ठरवलं गेलं. कंपनीचं मला काही वाटत नाही, ती माझी कोण? पण हरणाबाई माझ्या होत्या.

त्याच संध्याकाळी मी माळ्यावर आलो. फलकावर मात्र अजून आहे. तिथे माझा काटा अगदी मधोमध उभा आहे.

आता शेवटचं सांगतो. हरणाबाईंच्या स्वतःच्या घरात त्या पुडीचा चहा होत नाही. एसटीने धाराशिवला गेल्या की त्या सुटी चहापूड घेऊन येतात. मग दुपारी दार लोटतात, मला माळ्यावरून उतरवतात आणि बाजारवाल्याने माप बरोबर दिलंय का ते माझ्या पारड्यात घालून बघतात. तेवढ्या वेळापुरता मी मोडका नसतो.

मला पूजा नको, हळदीकुंकू नको, चिंच-राखेने घासायलाही नको. बेंबळीला कधी आलात तर कमलबाईंचं घर विचारा. त्यांना एवढंच सांगा, की तराजू मोडला नव्हता.