जप करणारे मासे

सकाळचे सहाही वाजले नव्हते आणि कडूबाच्या शेततळ्यावर दीडशे माणूस उभं होतं. श्रावणातलं आभाळ आठ दिवसांपासून गच्च. पाऊस नाही, वारा नाही, ऊनही नाही. प्लॅस्टिकची काळी पन्नी अंथरलेल्या त्या तळ्यात रोहू आणि कटला पाण्यावर तोंडं काढून उघडझाप करत होते. काठावर पाट टाकून जलयोगी बाबा बसले होते.

"ऐका!" बाबा म्हणाले. "एकेक मासा ओंकार करून राह्यला. माणसाले जमलं नाही ते मुक्या जीवाले जमलं. काऊन? माही लहर पाण्यात उतरली म्हणून!"

पचपच, पचपच असा आवाज येत होता. पहिल्या रांगेतल्या तानाबाईला त्यात स्पष्ट 'ओम' ऐकू आला. दम्याने बेजार असूनही ती दोन कोस चालून आली होती. लोकांनी हात जोडले आणि चढावा सुरू झाला. दूध, लाह्या, पेढे, कणकेचे दिवे, सगळं तळ्यात.

कडूबाची बायको आशाबाई एका बाजूला उभी राहून ते बुडताना बघत होती. हे तळं तिच्या हाताखालचं. गेल्या वर्षी उन्हाळ्यात तळाचा गाळ तिनेच टोपल्यांनी काढला, मग पावसाळ्यात बोटाएवढी पिल्लं तिनेच सोडली. मत्स्यखात्याच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणात ती एक गोष्ट शिकली होती: माशालाही हवा लागते. म्हणून रोज पहाटे ती मोटर लावून तळ्याचंच पाणी उंचावरून तळ्यात पाडायची. बाबा आले आणि पहिला हुकूम निघाला की मोटर बंद. आवाजाने जप मोडतो.

परवा अकरा मासे उताणे झाले. बाबा म्हणाले, मोक्ष. काल तीस झाले. बाबांचा चेला शेखर ते पोत्यात भरून विसर्जनाला घेऊन गेला. नदीला पाणी नव्हतं, पण जवळच्या धाड गावाला बाजार होता.

"अवो, उद्या सकाळी सारं तळं उताणं दिसन," आशाबाई नवऱ्याला म्हणाली. "मोटर लावा."

"गप वं! मोक्षाले मरण म्हन्तं?" कडूबा म्हणाला. त्या आठवड्यात सरपंचाने त्याला आधी राम राम घातला होता. जन्मात पहिल्यांदा. माणूस एवढ्यावरही आंधळा होतो.

आशाबाई घरी गेली आणि लग्नाकार्यात पाण्याला लागणारी दोन टिपाडं घेऊन आली. दोन्हींत तळ्याचंच पाणी भरलं, दोन्हींत पाच-पाच मासे सोडले. दहाही मासे तोंडं वर काढून पचपच करू लागले. मग ती एका टिपाडातलं पाणी तांब्याने उचलून उंच धरलेल्या चाळणीतून त्याच टिपाडात पाडू लागली. दुसऱ्याला तिने हात लावला नाही.

"बाईच्या हातानं लहर मोडते!" बाबा ओरडले.

"दोन्ही टिपाडं म्याच भरले, बाबा. तवा काऊन नाही मोडली?"

तिचे हात भरून आले तरी ती थांबली नाही. अर्ध्या तासाने चाळणीखालचे पाचही मासे तोंड मिटून खाली गेले.

"घ्या. हे जप सोडून गेले. बोलवा त्याईले."

बाबांनी डोळे मिटले, दंड आपटला, मंत्र म्हटला, टिपाडात फुंकर मारली. एकही वर आला नाही. आशाबाई दुसऱ्या टिपाडावर वाकली आणि एसटीच्या कंडक्टरसारखी म्हणाली, "धाड, बुलढाणा, मोताळा, मलकापूर!" पाचही मासे याही जपाला जोरात पचपच करत होते. मागे कोणीतरी खिक्कन हसलं.

तानाबाई मात्र हसली नाही. काठी टेकत ती पुढे आली आणि टिपाडात बघत राहिली.

"अवं माय," ती म्हणाली, "याईले तं दम लागला. आभाळ आलं की मीबी अशीच तोंड फाडते. तवा मले कोणी हार नाही घातला."

कडूबा पाटापुढून उठला. कोणाकडेही न बघता तो खोपीत गेला आणि त्याने मोटर लावली. पाणी उंचावरून कोसळू लागलं, आणि तळ्यातले मासे त्या धारेकडे असे धावले, की तो जप कसला होता हे मग कोणी विचारलं नाही. तोवर बाबा आणि शेखर जीपमध्ये बसले होते. पोतं मात्र त्या दिवशी रिकामंच गेलं.

चमत्कार एवढाच होता. पाण्यातलं हिरवं शेवाळ उन्हात प्राणवायू सोडतं आणि रात्री तेच तो ओढतं. म्हणून पहाटे पाण्यात हवा सगळ्यात कमी. त्यात आठ दिवस आभाळ, मोटर बंद, आणि वरून तुमचं दूध आणि पेढे. ते सडले, उरलेली हवाही खाऊन बसले. भक्ती जितकी वाढली तितके मासे गुदमरले, आणि जितके गुदमरले तितकी भक्ती वाढली.

लेकहो, हात जरूर जोडा. पण आधी एक तांब्या आणि एक चाळणी घेऊन बघा. समोरचा जीव तोंड उघडतो तेव्हा तो देवाचं नाव घेतो की श्वास मागतो, एवढं तरी विचारायला शिका. तुम्ही विचारत नाही, तोवर तुमच्या तळ्यावर पाट टाकायला कोणीतरी येतच राहील.