नऊ घरांचा एकुलता एक

मी अग्निशामक बोलतोय. लाल अंगाचा, काळ्या नळीचा, सहा किलो वजनाचा. माझ्यासारखा एखादा तुम्ही कुठल्याशा जिन्यात पाहिला असेल आणि त्याच्यावर ओली छत्री अडकवून निघून गेला असाल.

कारखान्यात माझ्या पोटात कोरडी भुकटी भरली, गळ्याशी पिन लावली आणि अंगावर चित्रं छापली. पिन ओढा, नळी आगीकडे धरा, दांडा दाबा. अक्षरओळख नसलेल्यालाही कळावीत अशी चित्रं. माझ्या वाट्याला मात्र शिकलेली माणसं आली.

त्याच सुमारास कायदा झाला होता की प्रत्येक घरात एक अग्निशामक हवाच. आमच्या तीन मजली इमारतीत घरं नऊ. सभा भरली. तळमजल्यावरचे सेक्रेटरी कडाडले, "घर माझं, भिंत माझी. तिच्यावर काय टांगायचं ते सरकार सांगणार?" टाळ्या पडल्या. या गृहस्थांच्या दाराला तीन कुलपं आहेत. चोराची एवढी धास्ती, पण आग जणू यांना विचारून येणार होती!

पहिल्या मजल्यावरची शिवणकाम करणारी वहिनी तेवढी उठली. तिच्या घरात कापडाचे ढीग आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. ती म्हणाली, "आग लागली की भिंत कुणाची ते बघत नाही हो. आपापला एकेक घेऊन टाकू या."

"वहिनी, तुम्ही आपलं शिवणाचं बघा," सेक्रेटरी म्हणाले. सगळे हसले आणि ती खाली बसली.

मग या हुशार मंडळींनी नऊ घरांत मिळून मला एकट्याला आणलं. दर वर्षी तपासनीस येई. तो एका घरात चहा घेईतो दुसऱ्या मजल्यावरचा ड्रायव्हर मला चादरीत गुंडाळून मागच्या जिन्याने पुढच्या घरात नेई. माझ्या पोटावर मोठा पोचा आहे. तो पोचा साहेबांनी नऊ घरांत नऊ वेळा पाहिला आणि नऊ वेळा लिहिलं, 'आहे'. खाली घरवाल्याची सही. वहिनीनेही मान खाली घालून सही केली. एकट्या बाईने सगळ्या इमारतीशी वाकडं किती घ्यायचं?

तपासणी खालून वर जायची, म्हणून शेवटी मी सगळ्यात वरच्या मास्तरांकडे राहायचो. यंदा साहेबांची पाठ वळताच मास्तर दाराला कुलूप लावून लेकीकडे गेले. मी आत, पलंगाखाली, जुन्या चपलांच्या शेजारी.

चौथ्या दिवशी भर दुपारी खालून किंकाळी आली. वहिनी गिऱ्हाइकाला कपडे द्यायला दारात गेली होती आणि तेवढ्यात इस्त्री चिंध्यांवर कलंडली होती.

"आगीचा सिलिंडर कुणाकडे आहे?" ती दारं ठोठावत ओरडत होती.

"आमच्याकडे नाही, वर बघा!"

"अहो, मास्तरांकडे! पण ते गावाला गेलेत!"

मला सगळं ऐकू येत होतं. पोट भरलेलं, दाबाचा काटा हिरव्या पट्टीवर, आणि मी चपलांच्या शेजारी. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

ड्रायव्हरने कुलूप फोडून मला खाली नेलं, तोवर वहिनीने सासूबाईंच्या अंगावरची पेटती चादर उघड्या हातांनी ओढून काढली होती. शेजारी बादल्या ओतत होते. ड्रायव्हर माझा दांडा दाबत राहिला आणि सेक्रेटरी "दाबा, जोरात दाबा!" असं ओरडत राहिले. पिन कुणीच काढली नाही. मी भरलेला आलो, भरलेलाच राहिलो.

शेवटी बादल्यांनीच आग विझली आणि म्हातारी वाचली. पंधरा दिवसांनी चौकशीला तोच तपासनीस आला. वही उघडून त्याने विचारलं, "बाई, घरात अग्निशामक असून वापरला का नाहीत? ही तुमचीच सही ना?"

बाकीची आठही घरं वहिनीच्या दारात उभी होती. सेक्रेटरी हळूच म्हणाले, "सांगा ना वहिनी, घाबरल्यामुळे सुचलं नाही म्हणून."

वहिनीने पट्ट्या बांधलेले हात मांडीवर ठेवले. "साहेब, तो माझ्या घरी वर्षातून दहा मिनिटं असतो. तुम्ही चहाला येता तेव्हा. आग नेमकी तेव्हा लागली नाही, एवढंच माझं चुकलं."

साहेब वहीतला नऊ वेळा लिहिलेला 'आहे' बघत बसले.

आता मी वहिनीच्या दाराशी, हाताला लागेल असा टांगलेला आहे. बाकीच्या आठ घरांत अजून चर्चा चालू आहे. कायदा म्हणजे जुलूम आहे, असं सेक्रेटरींचं मत अजूनही ठाम आहे. मला त्यांच्याशी वाद घालायचा नाही. तुम्हालाच सांगतो, एकदा या घरात येऊन जा. वहिनीच्या भाजलेल्या बोटांना आता सुईचं नेढं साधत नाही. सासूबाई पडल्या पडल्या तिला दोरा ओवून देतात. तेवढं बघा आणि मग मला सांगा, कायदा हवा की नको.