मलकानीचा मुरीद

मंगरूळपीरचा दर्गा जीपने सहज जाऊन यावं इतका जवळ असताना माझा नवरा मुरीद, म्हणजे चेला, झाला तो मुंबईच्या एका फॅशन डिझायनरचा. रोहांश मलकानी त्याचं नाव. फय्याज त्याला 'मलकानी साहेब' म्हणतो आणि ते नाव घेताना शिलाई मशीनवरचा पाय थांबवतो. माझं नाव घेताना ती मशीन आजवर कधी थांबलेली नाही.

आमचं दुकान शेलूबाजारला, हायवेला लागून. नाज लेडीज टेलर. नाज म्हणजे मी, नाजिया. पाटी माझ्या नावाची, राज्य त्याचं आणि काज-बटणं माझ्या गळ्यात. दुपारी गिऱ्हाईक नसलं की फय्याज मोबाईल दोऱ्याच्या रिळाला टेकवतो आणि फॅशन शो बघत बसतो. त्यात मुली येतात, घरी कोणी जेवू घातलं नसावं अशा चालतात, रागावल्यासारख्या वळतात आणि परत जातात. एकीच्या घागऱ्यात बसायची सोय नसते, दुसरीच्या झग्यातून हातच बाहेर येत नाही. शेवटी खुद्द मलकानी येतो. जगाला जरी-बुट्टी घालणारा हा माणूस स्वतः काळी बनियन आणि गुडघ्यावर फाटलेली पॅन्ट घालून हात जोडतो आणि पळून जातो.

"पयते काहून?" मी एकदा विचारलं. "कोनी मारन म्हनून?"

फय्याज त्या दिवशी जेवायला घरी आला नाही.

बरं, भक्ती करायची तर मनात करावी. हा गिऱ्हाईकांना दीक्षा देतो. शिरपूरच्या एक मास्तरीण बाई ब्लाऊजपीस घेऊन आल्या, तर हा ते कापड बोटांत धरून डोळे मिटून उभा. म्हणाला, "मॅडम, आधी कापडाचं म्हननं आयकू."

बाई म्हणाल्या, "भाऊ, कापड बोलत नाही, तुमीच लय बोलता. मले मंगळवारी पायजे."

अशा माणसाच्या घरात लग्न निघालं. आमच्या मुलाचं, अरीबचं, मंगरूळपीरच्या यूसराशी ठरलं. मुलगी बी.ए. झालेली, बोलायला कमी, डोळ्यांनी चौकस. आमच्यात नवरीचे कपडे मुलाकडून जातात. त्याला बरी म्हणतात. निकाहच्या आधी मुलाकडच्या बायका थाळ सजवून बरी घेऊन जातात, शरबत पितात आणि निघतात. आमच्या खानदानात गाठोडी पाहुण्यांसमोर उघडत नाहीत. ती मागाहून मुलीकडच्या बायका दार लावून उघडतात आणि काय बोलायचं ते बोलून घेतात. ही रीत ज्याने पाडली तो शहाणा होता.

मी म्हटलं, निकाहचा जोडा, म्हणजे नवरीचा मुख्य पोशाख, अकोल्याहून आणू. फय्याजने कात्री खाली ठेवली.

"नाज," तो म्हणाला, "जिंदगीभर लोकायनं फोटो दाखवला अन् मी शिवला. कोनाची हिरोईन, कोनाच्या वहिनीचा बिलाऊज. माह्या डोक्यातला एक बी कपडा कोनाच्या आंगावर गेला नाही. हा एक शिवू दे. मंग मेलो तरी चालते."

"मरायच्या आधी मटनाचं सांगून ठेवा," मी म्हटलं. पण त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. मी अकोल्याचं नाव पुन्हा काढलं नाही.

कापड आणलं ते मात्र देखणं. डाळिंबी रंगाचं रेशीम, हातात घेतलं की निसटणारं. त्याचा कुर्ता आणि खाली घेरदार पायांचा गरारा व्हायचा होता. फय्याज दुकानाचं अर्धं शटर ओढून कामाला लागला. गिऱ्हाईकं बाहेरून हाका मारायची, हा आतून म्हणायचा, "टेलर नाही, गावाले गेला." सगळ्या शेलूबाजारला त्याचा आवाज ओळखू येतो.

पहिला भडका सोनीबाईवर उडाला. ती जवळच्या तांड्यावरून येते आणि आमच्याकडची सगळी हातशिलाई करते. गराऱ्याची किनार दुमडून तुरपाई करायला म्हणून ती बसली, तर फय्याज अंगावर धावून आला.

"हात नको लावू! दोरे असेच लोंबले पायजे."

"लोंबले पायजे?" सोनीबाई माझ्याकडे बघून म्हणाली. "भाभी, भाऊले ताप आहे का?"

ताप नव्हता, मलकानी होता. मलकानी साहेबांचं म्हणणं असं की शिवण लपवायची कशाला? शिवण म्हणजे कपड्याची हाडं. तेव्हा शिवणी सगळ्या बाहेरच्या बाजूला. किनार कापली तशी मोकळी. आणि सगळ्यात वर कच्चा टाका. पक्की शिलाई मारण्याआधी कापड जागेवर राहावं म्हणून आपण पांढऱ्या दोऱ्याने लांब लांब टाके घालतो आणि काम झालं की ओढून काढून टाकतो, तो. तो फय्याजने काढला तर नाहीच, उलट छातीवरून, पाठीवरून, घेरावरून मुद्दाम घातला. डाळिंबीवर पांढरा. भरीस भर म्हणून उजवी बाही मनगटापर्यंत आणि डावी कोपरापर्यंत.

"पुरा कधी होईन?" मी विचारलं.

"झाला."

मी कपाळावर हात मारला. आमचं भांडण हायवेच्या पलीकडच्या पंक्चरवाल्यापर्यंत ऐकू गेलं. समधीण मला उभी चिरेल, मुलीकडचे म्हणतील टेलरच्या घरचा जोडा आणि तोच अर्धवट, असं सगळं मी बोलून घेतलं. फय्याज ऐकत होता आणि हाताने टाके घालत होता. त्याने मशीन वापरलीच नाही. एक टाका दुसऱ्याहून तसूभर लांब नाही की आखूड नाही. बाजूला ठेवलेल्या चहावर साय धरली तरी त्याने मान वर केली नाही. इतकं मन लावून त्याने लग्नानंतर माझ्याकडेही कधी पाहिलेलं नाही, आणि मला त्या मेल्या कुर्त्याचा हेवा वाटला.

"बरं," मी शेवटी म्हटलं, "मंग मी तिथं समजावून तं सांगते, का हे असंच असते म्हनून."

"खबरदार!" तो म्हणाला. "मलकानी साहेब कोनाले समजावत नाहीत. काम स्वतः बोलते."

ठीक आहे, म्हटलं. बोलू दे.

बरी घेऊन आम्ही गेलो. जोडा मी तळाशी ठेवला, त्यावर ओढणी, त्यावर बांगड्या, त्यावर अत्तर. शरबत प्यायलो आणि निघालो. मी गाडीत बसेपर्यंत मागे वळून पाहिलं नाही.

निकाहच्या दिवशी फय्याज नवा कुर्ता घालून, मोबाईल पुसून तयार. नवरी बाहेर आली की व्हिडिओ काढायचा आणि मलकानी साहेबांना पाठवायचा, असं त्याच्या मनात होतं. मलकानी ते उघडणार नव्हता हे मला माहीत होतं आणि त्यालाही होतं. पण पाठवायचं होतं. निकाह झाला. नवरीचा सलाम घ्यायला सासऱ्याला बायकांच्या बाजूला बोलावलं. फय्याजने मोबाईल उचलला. यूसरा आली.

दोन्ही बाह्या मनगटापर्यंत. शिवणी सगळ्या आत. किनारीला चार बोटं रुंद गोटा, म्हणजे सोनेरी जरीची पट्टी, त्यावर टिकल्या. पांढऱ्या टाक्याचा मागमूस नाही. नवरी सुंदर दिसत होती, अगदी मंगरूळपीरच्या इतर कोणत्याही नवरीसारखी.

फय्याजचा हात खाली आला. त्याने बटण दाबलंच नाही.

तेवढ्यात कुलसुम खाला आली. यूसराची सगळ्यात मोठी मावशी, घरात तिचंच चालतं. तिने फय्याजला बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणला. मी मागेच होते.

"भाई, तुमी बिलकूल शरमिंदा नका होऊ. लग्नाचं घर म्हनलं का होते असं. टाइम पुरला नसन तुमाले. आमी गाठोडं उघडलं, पाह्यलं तं कच्चाच टाका, अन् एका बाहीले कापड बी पुरलं नाही बिचाऱ्याले. मी म्हटलं, पोरीहो, व्याह्याच्या इज्जतीचा सवाल आहे. दुपारच्या नमाजनंतर साऱ्या जनी बसलो अन् चिरागबत्तीच्या आत उरकून टाकलं. बाहीचं कापड ओढणीतून काढलं. कोनाले सांगतलं नाही. सांगनार बी नाही, कसम खाल्ली साऱ्यायनं."

तिचा चेहरा नुसता मायेने भरला होता. आता अशा बाईला काय म्हणणार? भांडायला निदान समोरच्याने वाईट तरी वागायला हवं.

"शुक्रिया, आपा," फय्याज म्हणाला. "लय मेहेरबानी झाली."

त्याने बिर्याणीला हात लावला नाही. परतताना सगळे नवरीच्या जोड्याची तारीफ करत होते. बायका म्हणत होत्या, फय्याजभाई, काय गोटा लावला, वा! तो मान हलवत होता. मी त्याला हसण्यासाठी महिनाभर वाक्यं जमवून ठेवली होती. त्यातलं एकही तोंडाबाहेर आलं नाही. मला खूप वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो, म्हणून मी अरीबलाच त्याच्या लग्नाच्या दिवशी विनाकारण झापलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फय्याज अंगणात खाटेवर नुसता बसून होता. मोबाईल आत चार्जिंगला. संध्याकाळी वलीमा होता, आमच्याकडचं जेवण, आणि सगळा शेलूबाजार येणार होता. मी मसाल्याचा हिशेब लावत होते. तेवढ्यात नवी सून बाहेर आली. कालचा जोडा घडी करून हातात.

"अब्बा," ती म्हणाली, "ब्लेड कुठं आहे?"

माझ्या हातातलं लवंगांचं पुडकं पडलं. नवी नवरी, पहिली सकाळ आणि ब्लेड मागते!

"कायले पायजे, बेटा?" मी विचारलं.

"उसवाले." ती फय्याजसमोर खाली बसली आणि कुर्ता पसरला. "अब्बा, हे मलकानीच्या त्या लाल शोमधलं आहे ना? मी ओळखलं. पन त्याच्या दोन्ही बाह्या सारख्याच होत्या. तुमी एक आखूड केली. ते त्याच्यापेक्षा चांगलं आहे. मी खालाले म्हनत होती, नका हात लावू म्हनून. पन नवरीचं आयकते कोन? मले म्हने, तू चूप बस, नवरी आहेस."

फय्याजचे डोळे भरून आले आणि ते लपवायला तो ब्लेड शोधायला आत गेला. ब्लेड त्याच्या खिशातच असतं.

घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं. एका वेड्याला सांभाळता सांभाळता माझे केस पिकले, आणि आता सून म्हणून दुसरी आणून बसवली, तीही वाजतगाजत. दोघं सासरा-सून दुपारपर्यंत गोटा उसवत होते, शिवणी उलट करत होते, पांढरा दोरा ओवत होते. मधेच सोनीबाई वलीम्याच्या कामाला हात लावायला आली. दारातच थांबली.

"काल शिवलं तं आज उसवून राह्यले?" ती म्हणाली. "भाभी, हा रोग लागट आहे का हो?"

"दूर बस," मी म्हटलं.

संध्याकाळी हॉलमध्ये पडद्याच्या अलीकडे बायका, पलीकडे पुरुष. यूसरा खुर्चीवर बसली. डावा हात कोपरापासून मोकळा, त्यात गच्च हिरव्या बांगड्या. डाळिंबीवर पांढरे लांब टाके, घेराखाली लोंबणारे दोरे. आपण काय घातलंय हे जिला माहीत आहे तशी ती ताठ बसली होती. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. अरीबची चुलती माझ्या कानात म्हणाली, नाजिया, सुनेला तयार करायला वेळ झाला नाही का? मी तिला जिलेबी वाढली.

मग मंगरूळपीरची मंडळी आली, आणि सगळ्यात पुढे कुलसुम खाला. तिने यूसराकडे पाहिलं आणि जागीच थबकली.

"या अल्ला," ती म्हणाली. "आमची सारी शिलाई निघाली?"

ती थेट नवरीपाशी गेली, ओढणीची पिन काढली आणि खाली वाकून लोंबते दोरे गोळा करू लागली. "सुई आना कोनी! आता दोन मिनटात करून देते. फय्याजभाईचा दोरा कच्चा असन. पोरीले लोकायसमोर असं अर्धवट बसवलं!" यूसरा म्हणत होती, खाला, राहू द्या. पण नवरीचं ऐकतं कोण? दोन जणी सुई शोधायला पर्स उघडून बसल्यासुद्धा. पडद्याच्या फटीत फय्याज उभा होता. बायकांच्या बाजूला बिर्याणी पाठवायला आला होता, हातात परात होती. त्याचे मलकानी साहेब कोणाला समजावत नाहीत, आणि ह्याने ती रीतही मुकाट्याने धरलेली.

माझं डोकं फिरलं. मी खुर्च्या सरकवत गेले आणि खालाचा हात धरला.

"खाला, पिन ठेवा."

"अवं पन अर्धंच आहे ते!"

"अर्धं नाही. पुरं आहे. माह्या नवऱ्यानं पुरं करूनच पाठवलं होतं."

पलीकडे पुरुषांच्या पंगतीत चमचे थांबले. खाला माझ्याकडे, मग जोड्याकडे, मग परत माझ्याकडे बघू लागली. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला आणि ती एकदम कानकोंडी झाली.

"मंग आमी काय केलं?"

"तुमी लय मजबूत तुरपाई केली, खाला. उसवता उसवता जीव गेला या दोघायचा."

कोणीतरी खुदकन हसलं. खाला हसली नाही. तिने तो पांढरा टाका बोटाने चाचपून पाहिला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"हे असंच असते?" तिने विचारलं. "तुले आवडते हे, नाजिया?"

"नाही," मी म्हटलं. "मले काडीचं नाही आवडत. पन हात नाही लावायचा."