गाळलेलं वाक्य

लेख कापताना श्वेताचा हात कधी अडखळत नसे. दहा वर्षं ती गावोगावच्या खाण्यापिण्यावर आणि रीतिभातींवर लिहून पोट भरत होती. कुणाच्या नोकरीत नव्हती, तेव्हा संपादकानं आठशे शब्द म्हटलं की आठशेच. मग उडवायचं काय? चव उडवून चालत नाही, तिथं जायची वाट उडवून चालत नाही. उरतं ते म्हाताऱ्या माणसांचं पाल्हाळ.

जोयड्याच्या डोंगरातल्या झिलूमामांचं पाल्हाळ तिनं तीन वर्षांपूर्वी असंच उडवलं होतं. मामांनी रानातला कंद खणून, चुलीत भाजून तिला मिठाबरोबर खायला घातला होता. लेखात तिनं त्याची चव लिहिली, मामांचे मातीनं भरलेले हात लिहिले, गणेशगुडीहून कुठं वळायचं तेही लिहिलं. लेख चांगलाच गाजला.

आता मामांना जाऊन वर्ष झालं होतं. त्यांच्या बायकोचा, बाळीमावशीचा निरोप आला, वर्षाचं पान वाढायचंय, तूही ये. श्वेता आली, पण वही घेऊन आली. गेलेल्याच्या आवडीचं केळीच्या पानावर वाढतात आणि मामांच्या पानावर त्यांच्याच उतारावरचा कंद हवा, एवढं कळल्यावर दुसरा लेख तिच्या डोक्यात वाटेतच तयार झाला होता. खोटं कशाला बोला?

सकाळी मावशी पहार खांद्यावर टाकून पुढं निघाली. उतारावर पोचल्यावर श्वेता थबकली. जिकडंतिकडं खड्डे पडलेले, वेल तुटून वाळलेले.

"रानडुकरं आली होती का हो मावशी?"

"डुकरं बाटल्या टाकून जात न्हाईत, बाय."

खड्ड्यात खरंच बाटल्या होत्या.

"तुजा कागद वाचून मानसं आली," मावशी खाली बसत म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच श्वेताला सोसवेना. "हाटेलवाले गाड्या भरभरून आनायचे. खनलं, भाजलं, खाल्लं. डोस्कं दिलं फेकून."

कंदाचं डोकं म्हणजे वेलाकडचा वरचा तुकडा, परत लावला की त्यातूनच नवा कंद धरतो. श्वेताला सगळं लख्ख आठवलं. मामांनी तो चार बोटं तुकडा कापून त्याच खड्ड्यात परत ठेवला होता, टाचेनं माती दाबली होती आणि तिला तीनतीनदा बजावलं होतं, ह्ये लिव्ह हां. तिनं मान डोलावली होती. लिहिलंही होतं. नंतर शब्द मोजताना तेवढंच वाक्य काढलं होतं.

काही खड्डे मात्र बुजवलेले होते आणि प्रत्येकावर एकेक दगड ठेवलेला होता.

"त्येंचं काम," मावशी म्हणाली. "फेकलेली डोस्की हुडकून हुडकून लावायचे. छातीत कफ, तरी चढायचे. म्या म्हनायची, नगा जाऊ. तर म्हनायचे, पोरगी इसरली आसंल, आपन इसरून कसं चालंल?"

 श्वेता गप्प बसली असती तर सुटली असती. विसरणाऱ्याला सगळेच माफ करतात.

"मी विसरले नव्हते, मावशी," ती म्हणाली. "आठवत होतं मला. मीच काढून टाकलं."

मावशीनं एका खड्ड्यावरचा सरकलेला दगड नीट बसवला. मग पहार उचलून उठली.

"दगडाखालचं आनखी दोन वरसं खनायचं न्हाई. चल, ऊन चढलं."

दोघी रिकाम्या हातांनी परतल्या. 

दुपारी पान वाढलं. तांबडा भात, सुक्या मासळीची चटणी, वडे. डाव्या हाताला कंदाची जागा मोकळी सोडली होती आणि त्या जागेकडं बघणं श्वेताला जमत नव्हतं. मावशीची सून रक्षिता हिनं भिंतीवरून प्लास्टिकच्या पिशवीतलं मासिकाचं कात्रण काढलं.

"मामंजी रोज माझ्याकडनं हे वाचून घ्यायचे," ती म्हणाली. "आज पानाम्होरं तुम्ही वाचा, अक्का."

नाही म्हणायला तोंड कुठं होतं? श्वेता वाचू लागली. जे शब्द लिहिताना तिला फार आवडले होते, तेच आता जिभेला जड झाले. चूल आली, मामांचे हात आले. "पहारीनं माती सैल करून मामांनी हातभर लांब कंद अलगद वर काढला..."

"हितं थांबा," रक्षिता हळूच म्हणाली.

"का?"

"हितं मामंजी हात वर करायचे. तुमचं राहिलेलं वाक्य स्वतः म्हणायचे, मग मी म्होरं वाचायची. एक दिवस चुकला न्हाई."

 मामा गेल्यापासून वाक्याची ती जागा मोकळीच राहिली असणार. मावशी पानाकडं बघत नव्हती, श्वेताकडं बघत होती.

श्वेतानं कात्रण मांडीवर ठेवलं. ते वाक्य कागदावर नव्हतंच, आणि तिच्या स्वतःच्या भाषेत ते आता तिला सांगता येईना. डोळे पुसून तिनं ते मामांच्याच शब्दांत म्हटलं, "डोस्कं कापायचं, त्याच खड्ड्यात परत घालायचं, वर टाचेनं माती दाबायची. मागनं येनाऱ्याला ऱ्हायला पायजे."

मावशीनं पदरानं तोंड पुसलं.

"हां," ती म्हणाली. "आता वाच म्होरं."