दुसऱ्यांदा आलेलं नाव

सूनबाईंचं हे वागणं काही खरं नव्हतं. सकाळपासून दार लावलेलं, ताट तसंच परत आलेलं, आणि सासूने हाक मारली तर आतून नुसतं “हं”! सासूबाईंनी तीस वर्षं दवाखान्यात आया म्हणून काढली होती. “हं”वर गप्प बसणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. खांद्याने दार ढकलून त्या आत शिरल्या.

“मला कॉम्प्युटर कळत नाही, रडणं कळतं. बोल.”

सून बोलली. वॉर्डातल्या औषधांची यादी तिच्या प्रोग्रॅममधून निघायची. एकच नोंद पुन्हा आली, तर जास्तीची काढून टाकायची. काल एका आजोबांची नोंद ओळीने तीनदा आली. एक गेली, दोन राहिल्या. दोन पाळ्यांतल्या दोन नर्सनी झोपेचं औषध दिलं, हे आज सकाळी तिला नोंदींत दिसलं. आजोबा अजून शुद्धीवर नव्हते.

“चारला पुढची यादी जाईल, आई. चूक सापडतच नाही.”

“काढतेस कशी?”

“यादीच्या पहिल्या घरापासून एकेक बघत जाते. पुन्हा आलेलं दिसलं की काढते. मग मागचे सगळे एक घर पुढे सरकतात.”

“आणि तू?”

“मी पुढच्या घराकडे.”

“अगं बये, मग सरकून आलेला बघितला कुणी? आमच्या दवाखान्यातल्या बाकावर हेच व्हायचं! दोनदा नंबर लावलेल्याला उठवलं की बाक सरकायचा, मी पुढे जायची, आणि दुसरा लबाड रिकाम्या जागी आरामात बसलेला. शेवटी मी शेवटच्या माणसापासून उठवायला लागले. सरकू देत मग, सरकणारे सगळे तपासलेले!”

सुनेने कीबोर्ड पुढे ओढला. तिने प्रोग्रॅमला शेवटच्या घरापासून उलटं बघायला लावलं. त्याच तीन नोंदी घालून पाहिल्या, एकच उरली. तिने तोंडावर हात ठेवला.

टेबलावरचा फोन वाजला. तिने तो पालथा घातला.

“कोण?”

“डॉक्टर. सकाळपासून मेसेज करून विचारताहेत, यादीत काही चुकलंय का.”

“म्हणजे औषध दुप्पट गेलंय, हे त्यांना ठाऊकच नाही?”

“नोकरी जाईल हो, आई. पोलीससुद्धा...”

 बाई तिच्यासमोर खाटेवर बसल्या.

“चूक झाली तोवर मी तुझ्या बाजूने होते. तिकडे ते अंधारात चाचपडताहेत, त्या माणसाचा श्वास मंदावतोय, आणि तू सकाळपासून स्वतःला वाचवत बसलीयेस. हुशार आहेस तू, पण भित्री आहेस, आणि आज त्या भित्रेपणाने माणूस मरेल. लाव फोन. मी इथून हलत नाही.”