पाव फेरा

मंगळवार, १२ मार्च १९६८. सकाळी साडेनऊ वाजता घोगरवाडीच्या नदीकाठी सरकारी ट्रक येऊन थांबला. तो पंप न्यायला आला होता.

ओव्हरसियर मुजावर केबिनमधून उतरले. मागून हमाल उतरले, लाकडी ओंडके उतरले, साखळीची कप्पी उतरली. पंपघरासमोर गाव आधीच जमले होते. सरपंच नानासो पुढे होते, धोतराचा सोगा हातात धरून. सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून, बायडाबाई उभी होती. किल्ली तिच्या कमरेला होती, म्हणून तिला पुढे यावे लागले.

कुलूप उघडले. आत अंधारात, सिमेंटच्या चौथऱ्यावर चार बोल्टांनी आवळलेला पंप बसला होता. चार वर्षे तो तसाच बसला होता. एक थेंब पाणी त्याने उपसले नव्हते, आणि त्याच्यावर गंजाचा एक ठिपका नव्हता.

"राखलाय चांगला," मुजावर म्हणाले.

"दिसाय चांगला हाय सायेब," नानासो घाईने म्हणाले, "पन आतनं धरलाय त्यो. हलंना झालाय. बगा की हात लावून."

बायडाबाई खाली बघत होती.

चार वर्षांपूर्वी घोगरवाडीत असे कोणी बोलले नसते. तेव्हा कृष्णाकाठी गावोगाव काही ना काही उभे राहत होते. कोयनेची वीज आली होती, साखर कारखान्यांची धुराडी वर चढत होती, पलूसच्या बाजूला नव्या विहिरींच्या सुरुंगांनी दुपारच्या झोपा मोडत होत्या. घोगरवाडीच्या वाट्याला उपसा योजना आली. नदीचे पाणी पंपाने उचलायचे, नळाने माळावर न्यायचे. माळ सगळ्या गावाचा कोरडा होता, पण माळाच्या कडेची सर्वांत कोरडी पट्टी महारकीची होती. वतने गेल्यावर ती जमीन मूळच्या माणसांना परत मिळाली. त्यात बायडाबाईच्या नवऱ्याचा, कृष्णातचा, दीड एकराचा तुकडा होता. त्यात कुसळाशिवाय काही उगवत नसे. आखलेला नळ मात्र नेमका त्याच तुकड्याच्या डोक्यावरून जाणार होता.

पंप आला तेव्हा पंपाच्या कारखान्याचा मिस्त्री बरोबर आला होता. चौकीदार म्हणून कृष्णातची नेमणूक झाली होती. मिस्त्रीने त्याला पंपाच्या बाहेर आलेल्या दांड्यावरचे ताटाएवढे चाक दाखवले आणि सांगितले, "मोटर येईपर्यंत हे रोज पाव फेरा फिरवायचं. मशीन एका अंगावर बसून राहिलं, की आतल्या बेअरिंगच्या गोळ्या तिथंच रुततात. उभ्या मशिनला झोप लागू द्यायची नाही, गड्या."

चाकावर त्याने चुन्याचा ठिपका लावून दिला. आज ठिपका वर, उद्या नदीकडे, परवा खाली, तेरवा गावाकडे.

मोटर आली नाही. पासष्टला लढाई झाली. त्या वर्षी पावसाने दगा दिला, पुढच्या वर्षीही दिला. सहासष्टच्या जूनमध्ये रुपयाची किंमत उतरली आणि बाहेरून येणारी यंत्रे एका रात्रीत दीडपटीहून महाग झाली. नवी पंचवार्षिक योजना पुढे ढकलली गेली. दिल्लीत ती कागदावर थांबली. घोगरवाडीत ती माळाच्या निम्म्यात थांबली. विजेचे खांब उभे राहिले, तारा आल्या नाहीत. नळ चढणीपर्यंत आले आणि तिथेच पडून राहिले. एका नळात कुत्रीने पिले घातली. पोरे त्या नळाला तोंड लावून हाका मारत, आणि पलीकडून त्यांचीच हाक परत येई.

त्याच सुमाराला कृष्णात तापाने गेला. त्याचे दिवस होईपर्यंत पंपाकडे कोणी फिरकले नाही. नंतर बायडाबाई किल्ली घेऊन आत गेली आणि चाकाला हात घातला. ते हलेना. दोन्ही हातांनी जोर केला तेव्हा कुरकुरत फिरले. त्या दिवसापासून तिने खाडा केला नाही. नेमणूक तिला मिळाली नाही. पंपघरामागच्या छपरात राहायला कोणी हरकत घेतली नाही, एवढेच. दिवसभर ती दुसऱ्यांच्या उसात खुरपायला जाई. जाण्यापूर्वी आत शिरे, जुन्या लुगड्याच्या बोळ्याने पंप पुसे आणि पाव फेरा देई. मिस्त्री ठेवून गेला तो पाना आणि ग्रीसचा डबा कोनाड्यात असे. दांडा जिथे पंपात शिरतो तिथली सुताची पट्टी दांड्याला आवळून धरू नये म्हणून तिच्यावरचे दोन नट किती सैल ठेवायचे, हे तिने नवऱ्याला करताना पाहिले होते.

नदीवर धुणे घेऊन येणाऱ्या आक्काताईला याची फार गंमत वाटे.

"काय गं बायडे, देव टाकलासा म्हनं तुमी. आन् आता ह्या लोखंडाची रोज आंघोळ?"

"व्हय की."

"मग नारळ तेवढा ऱ्हायलाय. फोड एकादा."

"आक्काताई, तुमच्या देवाला आमाला कवा हात लावू दिलासा?" बायडाबाई बोळा पिळत म्हणाली. "ह्येला लावता येतुया."

आक्काताई थोडा वेळ धुणे बडवत राहिली. मग म्हणाली, "तोंड लय हाय तुला." पण त्यानंतर ती जाता-येता पंपघराच्या दारात थांबून आत डोकावू लागली. ठिपका कुठे आहे ते बघून, "आज गावाकडं बगतुया व्हय," असे म्हणून पुढे जाई.

सदुसष्टच्या डिसेंबरात कोयनेला भूकंप झाला तेव्हा घोगरवाडीची भांडीसुद्धा फळीवरून खाली आली. पंपघराच्या भिंतीला एक चीर गेली. उजाडल्यावर बायडाबाईने आधी चाक फिरवून बघितले आणि मग आपल्या छपराचे काय झाले ते पाहिले.

मार्चच्या सुरुवातीला नानासो स्वतः चालत तिच्या छपरापर्यंत आले. ते यापूर्वी कधी आले नव्हते. उंबऱ्याच्या अलीकडेच थांबले.

"बायडे, पंप न्यायला येणार हायत."

"कुटं?"

"तारळ्याच्या अंगाला. तालुक्याला कळलं मला. नवा मिळंना म्हनून जुनं गोळा करत्यात. हितला गेला, की मेलीच आपली योजना. पंप हाय म्हनून तरी आपलं नाव कागदावं हाय. पंप न्हाई म्हंजी गावच न्हाई."

बायडाबाईने हातातले खुरपे खाली ठेवले.

"पन एक हाय. चालता असंल तरच नेणार. धरलेला असंल तर न्हाई. दुरुस्तीला पैसा कुनाकडं हाय? भंगार म्हनून लिवत्याल आन् जात्याल. म्होरं दिस फिरलं, की आपुन बगू." नानासोंनी आवाज खाली आणला. "तुला कळतंय नव्हं मी काय म्हंतुय? तुजं बी दीड एकर हाय माळाला."

"कळतंय."

"मग?"

"बगती."

सोमवारी संध्याकाळी तिने कोनाड्यातला पाना काढला आणि ते दोन्ही नट आवळले. एकदा आवळून हात लावला, चाक जड झाले. पुन्हा आवळले. मग ते हललेच नाही. तिने पाना जागेवर ठेवला, कुलूप लावले. काम सोपे होते. घटकासुद्धा लागली नाही.

आता मंगळवारी सकाळी मुजावर चाकाजवळ वाकले होते. त्यांनी दोन्ही हातांनी चाक धरले आणि जोर लावला. हलले नाही. हमालाला बोलावले, दोघांनी मिळून लावला. तरीही हलले नाही. दारात उभ्या असलेल्या माणसांत एक बारीक सळसळ झाली.

"कुटं नेणार व्हता सायेब ह्यो?" गर्दीतून कोणीतरी विचारले.

"तारळ्याकडं," मुजावर म्हणाले. ते अजून वाकलेलेच होते. "तिथं नळ पडलेत, तारा आल्यात, मोटर बसलीय. पंप तेवढा नाही."

"आन् आमच्याकडं पंप हाय, बाकी कायबी न्हाई."

लोक हसले. मुजावरही हसले. हसता हसता त्यांची नजर त्या दोन नटांवर गेली. नटांच्या कडांवर पान्याची ताजी चमक होती. ती चमक बायडाबाईला तिच्या जागेवरून दिसत होती. मुजावरांनी तिच्याकडे पाहिले, नानासोंकडे पाहिले, दारातल्या सगळ्या चेहऱ्यांकडे पाहिले. मग हात झटकून उभे राहिले.

"जाम आहे," ते म्हणाले.

त्यांनी खिशातून खडू काढला आणि पंपाच्या हिरव्या पोटावर मोठ्या अक्षरांत एक शब्द लिहिला. नानासोंनी सोगा सोडला. हमालांनी ओंडके परत उचलायला सुरुवात केली.

बायडाबाईला वाचता येत नव्हते. तिने शेजारी उभ्या असलेल्या आक्काताईला विचारले, "काय लिवलं?"

"भंगार," आक्काताई हळूच म्हणाली. तिला आनंद झालेला होता. "सुटलीस बग बायडे."

बायडाबाई त्या अक्षरांकडे बघत राहिली. ती अक्षरे तिने पुसलेल्या जागेवर होती. त्या सकाळी, तिने चाक हाती घेतल्यापासून पहिल्यांदा, ठिपका जागचा हलला नव्हता.

"थांबा सायेब," ती म्हणाली.

ती कोनाड्याकडे गेली. पाना घेऊन आली. नानासोंनी "बायडे" अशी हाक मारली, ती जोरात नव्हती. तिने मागे वळून पाहिले नाही. एक नट सैल केला, मग दुसरा. पाना चौथऱ्यावर ठेवला. उजवा हात चाकावर ठेवला आणि फिरवला. चाक आवाज न करता फिरले. पाव फेऱ्यावर तिने ते थांबवले नाही, सोडून दिले. ठिपका नदीकडे गेला, खाली गेला, गावाकडे आला, वर आला आणि परत नदीकडे जाऊन सावकाश थांबला.

हमालांनी उचललेले ओंडके परत खाली ठेवले.

"जित्याला मेला म्हनून कसं लिवता?" बायडाबाई म्हणाली. मग पदराच्या टोकाने तिने खडूची अक्षरे पुसली.

नानासो बाहेर गेले. जाताना त्यांनी म्हटले ते सगळ्यांना ऐकू गेले. "सगळ्या गावाचं पानी घालवलं एका बाईनं. सवताचं बी घालवलं. काय मिळवलंस गं?"

बायडाबाईने पाना उचलून कोनाड्यात ठेवला.

पंप सोडवायला दुपार झाली. बोल्टांवरचे नट पहिल्या हिसक्यालाच निघाले; हमालांनी आपसात तेवढी एकच तारीफ केली. चेनवर पंप उचलला जात असताना मुजावर तिच्याजवळ येऊन उभे राहिले.

"नट मी पाहिले होते, बाई."

"तुमी बगितल्यालं म्या बगितलं."

"मग? मी लिहून मोकळा झालो होतो. तुमच्या माणसांसाठीच लिहिलं होतं."

"व्हय. माणसं आमची हायत. पन..." तिने चेनवर चढणाऱ्या पंपाकडे पाहिले. "तिकडं पानी चढंल का ह्येनं?"

"चढायला पाहिजे."

"मग तितं बसस्तवर रोज फिरवाय लावा. पाव फेरा. वर, नदीकडं, खाली, गावाकडं."

"सांगतो मी तिथल्या माणसाला."

"सांगू नगा, दावा. सांगितल्यालं इसरत्यात."

मुजावरांनी मान डोलावली. ट्रक निघाला तेव्हा पंप ताडपत्रीखाली होता, पण चाक बाहेर राहिले होते. ठिपका आभाळाकडे होता.

पुढचे काही महिने घोगरवाडीत बायडाबाईला खुरपायला कोणी बोलावले नाही. ती नदी ओलांडून पलीकडच्या गावात कामाला जाऊ लागली. छपरातून मात्र तिला कोणी उठवले नाही. पंप गेल्यावर चौथऱ्यावर ते चार बोल्ट तेवढे उभे राहिले होते, छातीपर्यंत सिमेंटमध्ये रुतलेले. डब्यात उरलेले ग्रीस तिने त्यांच्या आट्यांना चोपडले आणि प्रत्येकावर नारळाची एकेक करवंटी पालथी घातली. करवंट्या आक्काताईने दिल्या होत्या.

"मशीन गेलं, आन् आता खुट्यांची पूजा," आक्काताई म्हणाली. "त्येंनाबी पाव फेरा देतीस का काय?"

"त्येंनी हलाय नगं. त्येंनी तितंच ऱ्हायाचं हाय," बायडाबाई म्हणाली. "उद्या कायबी आलं, तर ह्यास्नीच धरंल."

पावसाळा संपला त्या सुमाराला एक दिवस नानासो पंपघरात आले. त्यांनी एक करवंटी उचलली, बोल्टाच्या आट्यांवरून बोट फिरवले, बोटाला लागलेले ग्रीस धोतराला पुसले आणि करवंटी होती तशी ठेवली. आठवड्याभराने त्यांचा गडी ग्रीसचा नवा डबा पंपघराच्या दारात ठेवून गेला.

एकोणसत्तरच्या एप्रिलमध्ये चौथी पंचवार्षिक योजना सुरू झाल्याचे वर्तमानपत्रात आले. घोगरवाडीने पुन्हा अर्ज केला. अर्ज पोहोचल्याचे उत्तर आले आहे. त्यापुढे काही आलेले नाही. गावचा एक ट्रकवाला मधे तारळ्याकडे गेला होता. बायडाबाईने सांगितले होते म्हणून तो मुद्दाम नदीवर उतरला. पंप तिथे बसवला आहे, असे त्याने परत येऊन सांगितले. सुरू झाला आहे का, ते त्याला समजले नाही. पंपघराला कुलूप होते आणि तो गेला त्या दिवशी लाइट गेलेली होती. खिडकीतून त्याला चाक दिसले. ठिपका कुठे होता, हे बघायचे त्याच्या ध्यानात राहिले नाही.

गेल्या दिवाळीला बायडाबाईने चारही करवंट्या बदलल्या.